फिरवायचं कुणी?

मांस विस्तवावर भाजायचं तर ते फिरवावं लागतं. नाहीतर एका अंगाला कोळसा आणि दुसऱ्या अंगाला कच्चं. एवढं ज्ञान माणसाला फार लवकर झालं. त्यापुढची शेकडो वर्षं त्याने एकाच प्रश्नावर घालवली: सळई फिरवायची कुणी? आम्हां बँकवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. काम काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. ते कुणाच्या टेबलावर सरकवायचं, एवढंच ठरायचं असतं.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या मुदपाकखान्यात हे टेबल पोरांकडे होतं. विस्तवासमोर तासन्‌तास उकडून निघाल्यावर अंगावर कपडे कोण ठेवणार? १५२६ साली हुकूम निघाला, की मुदपाकखान्यातल्या पोरांनी उघडंनागडं वावरू नये. त्यासाठी मुख्य आचाऱ्यांना पैसेही मंजूर झाले. पोरांना विस्तवापासून उठवा, असं मात्र हुकुमात नव्हतं. परिपत्रकं तेव्हाही अशीच निघत.

मग काम कुत्र्याकडे सरकलं. आखूड पायांचा, लांब अंगाचा हा ‘टर्नस्पिट’ भिंतीवरच्या चाकात चालायचा आणि खाली सळई फिरायची. १५७६ साली इंग्रजीत आलेल्या, कुत्र्यांवरच्या एका पुस्तकात त्याची नोंद आहे. वेल्समधल्या ॲबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात त्यातला एक पेंढा भरून ठेवलाय. नाव व्हिस्की. निवृत्तीनंतर निदान बसायला जागा मिाली म्हणायचं!

शहाण्यांची डोकीही चालूच होती. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकातच धुराड्यात पंखा बसवायची युक्ती कागदावर काढली होती. आग भडकली की पंखा जोरात, मंदावली की सावकाश. १५५१ साली ताकी अल-दीनने वाफेच्या झोताने फिरणारी सळई वर्णन करून ठेवली. वाफेने रुळांवरून गाडी ओढली ती १८०४ साली. वाफेची आठवण आधी झाली ती जेवणासाठी! पुढे घड्याळासारखी, वजनावर चालणारी यंत्रं घरोघर पोचली आणि एकोणिसाव्या शतकात कुत्र्याची नोकरी गेली. नोकरीबरोबर जातही नाहीशी झाली. नुसती कामापुरती पोसलेली जात. काम संपल्यावर तिला कोण विचारतो?

आता अमेरिकेतले हौशी लोक हेच यंत्र परसात भंगारातून उभं करतात. तेलाचं पिंप आडवं कापलं की झाली शेगडी. मोडीत निघालेल्या गाडीच्या वायपरची मोटार, बारा व्होल्टची बॅटरी आणि सायकलची चेन. वायपरचा वेग भाजण्याला फार. म्हणून मोटारीला लहान दातेरी चाक आणि सळईला मोठं. मांसाची जड बाजू वर चढताना मोटार कण्हते आणि पलीकडे धपकन आपटते; म्हणून समोरच्या अंगाला वजन बांधतात.

एवढं सगळं जमलं की मालक खुर्ची ओढून विस्तवासमोर बसतो आणि दुपारभर फिरत्या सळईकडे बघत राहतो. हेन्रीचा पोरगा परत आलाय म्हणायचा. पण या खेपेला स्वखुशीने, आणि कपडे घालून.