कोतवाल बुकातील ‘एक मुलगी’

वंशावळ ही आपल्या वस्तीतली वस्तू नव्हे. ती भाटाच्या पोथीत होती, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत होती, देशमुख-देशपांड्यांच्या वतनी कागदांत होती. आमच्या घरी ती प्रथम आली जातपडताळणीच्या अर्जाबरोबर. माझ्या पुतणीच्या प्रवेशासाठी वंशावळ शपथपत्रावर लिहून द्यायची होती आणि 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा जोडायचा होता. घरात पहिला पदवीधर मी, म्हणून काम माझ्याकडे आले.

आपल्या वऱ्हाडात असा पुरावा बहुधा कोतवाल बुकात सापडतो. गावात कोणी जन्मले, कोणी मेले, याची खबर देणे हे कोतवालाचे काम. त्याचेच नाव त्या वहीला मिळाले. ही कोतवाली पुष्कळ गावांत महाराकडेच असे. म्हणजे आपल्या घरातल्या जन्माची खबर आपलाच माणूस घेऊन जाई आणि लिहिणारा दुसराच असे. आमच्या नकलांत बापाचे नाव आहे, जात न चुकता आहे, तारीख आहे. जन्मलेल्या जिवापुढे मात्र एवढेच: ‘एक मुलगा’ किंवा ‘एक मुलगी’. आडनाव कुठेच नाही.

या नकला, शाळेचे दाखले आणि घरातल्या म्हाताऱ्यांचे बोलणे मी संगणकावर उतरवले. ‘ग्रॅम्प्स’ नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली वंशावळीसाठी आहे. असली बहुतेक साधने ‘जेडकॉम’ नावाच्या साच्यात माहितीची देवाणघेवाण करतात. हा साचा अमेरिकेतील मॉर्मन पंथाने 1984 साली काढला. त्या पंथात मेलेल्या पूर्वजांसाठीही बाप्तिस्मा करतात, म्हणून त्यांना पूर्वज शोधण्याची निकड. या साच्यात जातीसाठी स्वतंत्र खूण आहे, हे पाहून मी थबकलो. सातासमुद्रापलीकडेही आपल्या आधी जात जाऊन बसलेली! ग्रॅम्प्समध्येही माणसाच्या गुणधर्मांच्या यादीत ती आहे. पण या गुणधर्माला तारीख लावता येत नाही. जात म्हणजे जन्मभराचा शिक्का, हेच तिथेही गृहीत. आमचा आजा 1938 च्या कागदात ‘महार’ आहे आणि धम्मदीक्षेनंतरच्या कागदात ‘बौद्ध’. म्हणून मी गुणधर्म सोडला आणि ‘जातीची नोंद’ ही एक घटना केली: कोणत्या साली, कोणत्या कागदावर, काय लिहिले. घटनेला तारीख लागते.

खरी अडचण पुढे आली. माहिती भरणे सोपे, तिला प्रश्न विचारणे कठीण. ग्रॅम्प्समध्ये प्रश्नाची चाळणी आपली आपण बांधता येते. एकेक अट घालायची. मग सर्व अटी लागू हव्यात, की एखादी चालेल, की अटींत न बसणारेच हवेत, हे ठरवायचे. एका चाळणीत दुसरी बसवता येते. काही अटी तयार मिळतात. त्यांतली एक, नाव अपुरे असलेली माणसे दाखवणारी, मी मोठ्या उत्साहाने लावली. नाव किंवा आडनाव यांपैकी एक नसले तरी ती माणसाला अपुरा ठरवते. तिने जवळजवळ सगळे खानदानच माझ्यापुढे टाकले. यंत्राच्या लेखी आम्ही सारेच अपुरे.

दुसरी चाळणी जिल्ह्याची. ‘वाशीम जिल्ह्यात जन्मलेले’ म्हटले तर फक्त लहान पोरे आली. कारण उघड आहे. जुना बाशीम जिल्हा 1905 साली मोडला, आपला भाग अकोल्यात गेला आणि वाशीम जिल्हा पुन्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. राज्याचेही तेच. ज्या 10 ऑगस्ट 1950 चा पुरावा आज महाराष्ट्रात मागतात, त्या दिवशी आमचे रिसोड तालुक्यातले गाव मध्यप्रदेशात होते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा झाली तेव्हाही होते. त्यानंतर सतरा-अठरा दिवसांनी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1960 ला महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नाही. तेव्हा चाळणीत जिल्हा घालायचा नाही, गावच घालायचे. शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मग ‘एक मुलगा’ कोण, हे शोधले. तोच बाप, तेच गाव, जन्मसालात दोन-तीन वर्षांचा फरक चालेल, अशी चाळणी शाळेच्या दाखल्यांवर लावली. एकेक पोरगा नावानिशी उभा राहिला. पुतणीच्या अर्जापुरते काम झाले. बापाकडची साखळी जुळली. मी थांबायला हरकत नव्हती.

पण मी वहीत जसे होते तसेच नावाच्या रकान्यात ‘एक मुलगी’ असे उतरवले होते. तेवढेच नाव असलेल्या साऱ्या जणी मागितल्या. यादी पडद्यावर मावेना. मुलगे शाळेच्या दाखल्यातून सुटले होते. या पोरी शाळेत गेल्याच नाहीत, मग नाव येणार कुठून? जात मात्र प्रत्येकीपुढे लिहिलेली. पडताळणीला तेवढे पुरते. त्या यादीवर मृत्यूची अट घातली, साल 1918. तीन नावे राहिली. नावे कसली, तीन वेळा ‘एक मुलगी’. आश्विन-कार्तिकातले दिवस, कारणाच्या रकान्यात ‘ताप’. ते मानमोडीचे साल. जगभर माणसे मारणारा इन्फ्लुएन्झा आमच्या वहीत ‘ताप’ एवढ्या शब्दात मावला.

यादी घेऊन मी थोरल्या आत्याकडे गेलो. तिने ती वाचून घेतली नाही, ऐकून घेतली.

“तिले नाव होतं ना बाबू,” ती म्हणाली. “कोनं पुसलंच नाही.”

1918 च्या तिघींची नावे तिलाही ठाऊक नाहीत. ती तेव्हा जन्मलीही नव्हती. पण पुढच्या काहीजणींचे तिने सांगितले, आणि सांगताना तिने बापाचे नाव घेतलेच नाही. कोण कुठे दिली, कोणाची मावशी, कोणाच्या लग्नात कोणी हळद लावली, अशी ती चालली. त्यावरून मला चाळणी बदलावी लागली: बाप आणि गाव काढून टाकले, सासरचे गाव आणि बहिणी घातल्या. अकराजणींची नावे लागली. आता मानोऱ्याला आत्याची एक मावसबहीण आहे, तिला दिसत नाही पण आठवते पुष्कळ. कापूस वेचून झाला की तिच्याकडे जायचे ठरले आहे. आत्या म्हणते, जाताना यादी नको नेऊ, मला ने.