उमरठच्या समाध्या

सवच्या उष्णोदकाची कुंडे आणि महाडची पेठ मागे टाकून सावित्रीच्या काठाने पोलादपूर गाठावे आणि तेथून चंद्रगडाच्या रोखाने आत वळावे, म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत उमरठ लागते. तानाजी मालुसरे आणि त्यांचे शेलारमामा या दोघांच्या समाध्या या गावात आहेत. सिंहगडची लढाई शाळकरी पोरासही तोंडपाठ असते. ती संपल्यावर काय झाले, हे सांगण्याचा मान मात्र उमरठचा आहे.

पुरंदरच्या तहान्वये १६६५ साली जे तेवीस किल्ले मोगलांच्या हवाली करावे लागले त्यांत कोंढाणा होता, आणि शके १५९१ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजी, तो परत घेताना तानाजी कामास आले, एवढे निर्विवाद आहे. १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढतात, तानाजी व मोगल किल्लेदार उदेभान परस्परांच्या हातून पडतात आणि तानाजींचा भाऊ सूर्याजी गड सर करतो. कड्यावर दोर नेणारी घोरपड तीत नाही, शेलारमामाही नाहीत. तानाजींच्या मृत्यूमुळे गडास सिंहगड हे नाव पडले, ही लाडकी समजूतही टिकत नाही, कारण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात ते नाव आलेलेच आहे.

घोरपड आणि ऐंशी वर्षांचे मामा आले ते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. त्यात जिजाबाई प्रतापगडावर केस विंचरीत असता त्यांस कोंढाणा दिसतो, सोंगट्यांचा डाव मांडून त्या तो पुत्राकडून जिंकून घेतात, आणि इकडे उमरठास तानाजींच्या मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची तयारी चालली असता राजाचा हुकूम येऊन थडकतो. प्रतापगड पोलादपूरच्या माथ्यावरचा. तेव्हा शाहिराने पुण्याकडील लढाईचे सूत्र जावळीच्या मुलखात आणून गुंफले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. युरोपातही असेच घडले. रोलाँ हा फ्रँक सरदार ७७८ साली पिरेनीजच्या खिंडीत पडला तेव्हा त्याच्या राजाच्या चरित्रकाराने त्यास एका वाक्यात वाटेस लावले. पुढे तीन शतकांनी त्याचे महाकाव्य झाले, आणि रोकामादूरच्या कड्यात रुतलेली एक तलवार त्याची म्हणून यात्रेकरूंना दाखवू लागले. बखरकाराने आटोपते घ्यावे, शाहिराने वाढवावे आणि गावाने त्यास जागा द्यावी, असा हा सार्वत्रिक क्रम दिसतो.

परंतु उमरठची परंपरा पोवाड्याचीही नक्कल नव्हे. तिच्यात कड्यापेक्षा वाटेला महत्त्व आहे: तानाजींचा देह राजगडाकडून केळदच्या पठारावर आणून मढे घाटाने कोकणात उतरविला आणि स्वग्रामी पोहोचविला, असे सांगतात. घाटमाथ्यावरून कर्णवाडीकडे उतरणारी ती वाट ज्याने रिकाम्या हाताने उतरून पाहिली असेल, त्याला खांद्यावर भार घेऊन उतरणाऱ्यांची कल्पना करण्यास पोवाड्याची गरज पडणार नाही. गड सरकारजमा झाला, मनुष्य मात्र आमच्या गावचा, असा काहीसा हक्क या कथेत आहे, आणि तो मला घोरपडीहून अधिक विश्वसनीय वाटतो. सिंहगडावरही तानाजींचे स्मारक आहेच. पण वीर पडला ते स्थळ निराळे आणि त्याची माणसे जेथे होती ते निराळे.

मालुसऱ्यांचा वंश पुढे चंदगडकडील पारगडावर गेला. रायबाला तेथली किल्लेदारी मिळाल्याची आख्यायिका आहे. उमरठास दोन समाध्या राहिल्या. त्यांपैकी तानाजींच्या नावाला बखरीचा आधार आहे. शेलारमामांना सभासदाच्या बखरीत ओळभरही जागा नाही, तरी माघ वद्य नवमीच्या पुण्यतिथीस आलेला मनुष्य भाच्यापुढे हात जोडून झाले की मामांपुढेही जोडतो.