न गंजणाऱ्या पोलादाचा लपलेला शत्रु

‘स्टेनलेस स्टील’ हें नांव कानीं पडतांच आपणांस ताट-वाट्या आठवतात. पण या धातूचा शोध लागला तो बंदुकीच्या नळीपायीं. उष्णतेनें न झिजणारें पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यास हवें होतें. १९१३ सालीं त्यानें शेंकडा सुमारें १३ भाग क्रोमियम घालून पाहिलें, तों त्यावर आम्लाचा अंमल चालेना! त्याच सुमारास जर्मनींत क्रुपच्या कारखान्यांत निकेल मिसळलेली जात निघाली. क्रोमियमचा प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर अतिसूक्ष्म कवच बसतें. ओरखडा पडला तरी तें पुन्हां भरून येतें.

मग हें पोलाद खाऱ्या पाण्यांत टोंचल्यासारखें ठिकठिकाणीं कां गंजतें? दोष भट्टींतला. पोलादांत थोडा गंधक राहतोच. रस सावकाश निवूं लागला म्हणजे मँगॅनीजशीं संयोग पावून त्याचे कण बनतात, आणि बहुधा त्यांच्याच कडेला पहिलें छिद्र पडतें. कणांभोंवतीं क्रोमियम कमी पडतें, असें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं २००२ सालीं मांडलें. त्यावर पुढें वाद झाला.

तोंवर जर्मनींतच, आखेन येथें, १९९० नंतरच्या दशकांत एक नवी रीत सिद्ध झाली होती. धातूच्या भुकटीचे केसाहूनहि पातळ थर पसरावयाचे, लेसर किरणानें हवे तेथें वितळवावयाचे, आणि थरावर थर रचीत वस्तु घडवावयाची. हा वितळलेला ठिपका सेकंदास लाखों अंशांच्या वेगानें निवतो. गंधकास जमावयास सवडच नाहीं. असें पोलाद मिठाच्या पाण्यांत नेहमींच्या पोलादाहून अधिक टिकाव धरतें, असें २०१७ सालीं ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत दिसलें.

मला मात्र यांत विजयाची थोडी घाई वाटते. भुकटी नीट वितळली नाहीं तर थरांमध्यें पोकळ्या राहतात. पृष्ठभागीं उघडलेल्या पोकळींत खारें पाणी कोंडतें, प्राणवायु पुरत नाहीं, आंत आम्लता वाढते आणि कवच भरून येत नाहीं. मोडलेल्या हाडास शस्त्रवैद्य अशाच पोलादाची पट्टी बसवितात, आणि शरीरांतील रस खारटच! शिवाय झटपट निवाल्यानें धातूंत ताण उरतो. तो घालविण्यास वस्तु पुन्हां तापवावी, तर १००० अंशांपलीकडे गेल्यास तेच गंधकाचे कण पुन्हां जमूं लागतात.