वेड की व्याधी? एका निदानाचा इतिहास

🧵 १/७
१९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झाले. माणगाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. जिल्ह्याला 'रायगड' हे नाव १९८१ मध्ये मिळाले. माणगावहून ठाणे शंभर किलोमीटरहून अधिक दूर, आणि गावाला रेल्वे नव्हती. घरातील तरुण सुनेला अचानक भास होऊ लागले, तर आधी देवऋषी आणि फारच झाले तर ठाणे.

२/७
१९१२ च्या 'इंडियन लूनसी अ‍ॅक्ट'नुसार दंडाधिकारी वैद्यकीय दाखला पाहून रुग्णाला दाखल करण्याचा आदेश देत. दाखल्यात डॉक्टरने स्वतः पाहिलेली आणि इतरांनी सांगितलेली वेडाची लक्षणे नोंदवायची असत. सुजलेल्या सांध्यांसाठी त्यात रकाना नव्हता.

३/७
वास्तविक १८७२ मध्येच व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोसी यांनी दाखवले होते की, त्वचारोग समजला जाणारा 'ल्युपस' सांधे, आतील अवयव आणि मेंदूलाही ग्रासतो.

४/७
या आजारात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. मेंदूला झळ पोहोचली की भास, संभ्रम, नैराश्य, झटके दिसू शकतात. रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया, त्याही बहुतांशी तरुण.

५/७
१९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्स व सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांत 'एलई पेशी' आढळली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येणारी खूण हाती आली. पुढच्याच वर्षी तेथेच कॉर्टिसोनचा संधिवातावरील गुण जाहीर झाला. १९५० चे नोबेल त्याला मिळाले. विपर्यास असा की, या औषधानेही काहींचे मन बिघडते. त्यामुळे दोष आजाराचा की औषधाचा, हा नवा पेच उभा राहिला.

६/७
१९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातील भिगवणला घरोघरी जाऊन सांधेविकारांची पाहणी केली. १९९९ मध्ये अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने ल्युपसमधील मेंदू, मन व मज्जासंस्थेच्या १९ विकारांची यादी निश्चित केली.

७/७
म्हणून मनोरुग्णालयांच्या जुन्या नोंदवह्या जपून वाचाव्यात. त्यांत वर्तन नोंदले आहे, व्याधी नव्हे. 'वेड' या एका शब्दाखाली औषधाने बरे होऊ शकणारे शरीराचे आजारही गाडले गेले. आजही तरुण वयात अचानक भास सुरू झाले आणि सोबत ताप, सांधेदुखी किंवा उन्हाने वाढणारे चट्टे असतील, तर मनोविकारतज्ज्ञांच्या जोडीने रक्त-लघवीची तपासणीही व्हायला हवी. १९०१ च्या त्या सुनेला ही संधी नव्हती.