परीक्षेचे उत्तर आणि १४५३ साल

शालान्त परीक्षा पंधरा-वीस दिवसांवर आली की, माझ्या ओसरीवर सायंकाळी चार-सहा विद्यार्थी येऊन बसतात. जगाचा इतिहास त्यांना भेडसावतो. सनावळ्या पाठ होत नाहीत, आणि झाल्याच तर कोणता सन कोणत्या घटनेचा, हे ऐनवेळी आठवत नाही. मग आम्ही संभाव्य प्रश्न काढतो आणि उत्तरांचे मुद्दे बांधतो. त्यांत एक प्रश्न हटकून असतो : युरोपीयांनी हिंदुस्थानकडे येणारा जलमार्ग का शोधला? उत्तरही ठरलेले. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, व्यापाराचे जुने मार्ग बंद पडले, मसाल्याचे पदार्थ युरोपात मिळेनासे झाले, म्हणून पोर्तुगीज समुद्रात उतरले. श्रोतेहो, हे उत्तर मी कित्येक वर्षे मुलांकडून घोटून घेतले आहे, आणि त्यावर त्यांना गुणही मिळाले आहेत.

एका वर्षी एका मुलीने सगळ्या सनावळ्या एकाखाली एक लिहून आणल्या आणि विचारले, "सर, पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सेउटा घेतले १४१५ मध्ये. कॉन्स्टँटिनोपल पडायला तेव्हा अडतीस वर्षे अवकाश होता. मग हे लोक निघाले कशासाठी?" मला तत्काळ उत्तर देता आले नाही. उद्या सांगतो म्हणालो, आणि रात्री पुस्तके काढून बसलो.

तिची शंका रास्त होती. राजपुत्र हेन्रीच्या पदरचा जिल इआनेश १४३४ मध्ये बोजादोर भूशिर ओलांडून गेला. हेन्री १४६० मध्ये वारला, तोवर पोर्तुगीज जहाजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याने बरीच दक्षिणेस पोहोचली होती. त्यांना ओढ होती ती सहारा ओलांडून येणाऱ्या सोन्याची. मूर लोकांशी धर्मयुद्ध करावयाचे होते. पुढे गुलामांचा व्यापार आणि मदैरा बेटावरील साखर यांची भर पडली. हिंदुस्थान हे उद्दिष्ट स्पष्ट दिसू लागते ते १४८१ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या जॉन राजाच्या कारकीर्दीत.

आता मिऱ्यांचा मार्ग पाहा. मलबारचा माल गलबतांतून तांबड्या समुद्रात जाई, तेथून कैरो व अलेक्झांड्रियास पोहोचे, आणि व्हेनिसचे व्यापारी तो युरोपात नेत. हा राजमार्ग होता इजिप्तच्या ममलूक सुलतानांच्या हाती. तुर्कांनी कैरो जिंकले १५१७ मध्ये. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षे आधी. जो मार्ग आपल्या ताब्यातच नाही, तो तुर्कांनी बंद कसा करावा? मिरी महाग होण्याचे एक कारण तर कैरोतच होते. बार्सबाय या सुलतानाने १४२० नंतरच्या दशकात मिऱ्यांचा व्यापार सरकारी मक्त्यात घेतला होता. तुर्कांचे म्हणाल, तर त्यांनी १४५४ मध्येच व्हेनिसशी तह करून व्यापाराला मुभा दिली. काळ्या समुद्रातील इटालियन व्यापाराला धक्का बसला हे खरे. जिनोआचे काफा बंदर १४७५ मध्ये गेले. परंतु तो मिऱ्यांचा मुख्य मार्ग नव्हे. लायबायर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९१५ सालीच हे मांडून ठेवले आहे. शंभरावर वर्षे लोटली, तरी घोटीव उत्तर हललेले नाही. त्या दोषात माझाही वाटा आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा आमच्या कोकण किनाऱ्यावर आहे, आणि तो मला त्या रात्रीपर्यंत सुचला नव्हता! १५०८ मध्ये रायगड जिल्ह्यातील चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराची गाठ पडली ती इजिप्तच्या सुलतानाच्या आरमाराशी. अमीर हुसेन हा त्याचा सेनानी. दीवचा मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो त्या लढाईत पडला. पुढच्याच वर्षी आल्मेदाने दीवपाशी त्याचा सूड घेतला, आणि १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवे घेतले. तो सन आम्हां गोमंतकीयांना कोणी शिकवावा लागत नाही. कैरोचा सुलतान इतक्या दूर आरमार का धाडतो? तांबड्या समुद्राचा व्यापार चालू होता, त्याच्या जकातीवर सुलतानाचा खजिना अवलंबून होता, आणि पोर्तुगीज जहाजे तो व्यापार तोडू पाहत होती म्हणून. बंद पडलेल्या वाटेसाठी कोणी लढाया करीत नाही.

दुसऱ्या सायंकाळी हे सारे मी मुलांपुढे मांडले. एक मुलगा चिंतातुर होऊन म्हणाला, "सर, पण पेपरात काय लिहायचे? तपासणाऱ्याजवळ जुनेच उत्तर असेल." हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता. खोटे लिही, असे मला म्हणवेना; आणि त्याचे गुण गेले तर ते काही माझे जाणार नव्हते. शेवटी ठरले ते असे : कॉन्स्टँटिनोपलचा उल्लेख करावा, त्यायोगे काळ्या समुद्रातील व्यापाराला अडथळा झाला असे लिहावे, मात्र त्याच्यापुढे १४१५ आणि १५१७ हे दोन सन अवश्य घालावेत, आणि पोर्तुगीजांची कारणे निराळी द्यावीत. तो मुलगा पुरता समाधानी झाला नाही. मीही नव्हतो.

मुलगी वही मिटता मिटता म्हणाली, "सर, चौलची लढाई अभ्यासक्रमात आहे का?" मी नाही म्हणालो. तिने वही पुन्हा उघडली आणि सनावळीत १५०८ लिहून घेतले.