कोनाचे टक्के

धान्याचे पोते तोलता येते, पण त्यातले पिष्ट तोलता येत नाही. दाण्यात ते प्रथिने, तेल आणि कोंड्याशी इतके घट्ट बसलेले असते की धुऊन वेगळे करायला जावे तर काही पाण्याबरोबर वाहते, काही कोंड्याला चिकटून राहते. स्टार्चचे कारखाने आणि पशुखाद्याचा व्यापार यांना मात्र नेमका हाच आकडा लागतो. युरोपातल्या प्रयोगशाळांनी तो प्रकाशाच्या मदतीने मिळवला. त्या यशात भिंगांपेक्षा वजाबाकीचा वाटा मोठा होता, असे मला वाटते.

उपकरणाचे तत्त्व जुनेच होते. साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवीकृत प्रकाशाचे प्रतल फिरते, हे ज्याँ-बाप्तिस्त बियो यांनी १८१५च्या सुमारास दाखवले. १८३३ मध्ये बियो आणि पेर्सो यांनी पिष्टापासून मिळालेल्या एका पदार्थाला 'डेक्स्ट्रिन' म्हटले, कारण तो प्रकाशाला जोरात उजवीकडे वळवत होता. हा फिरण्याचा कोन मोजणारा पोलरीमीटर साखरेच्या धंद्यात रुळला, तरी धान्यापाशी तो अडला. पिठाचा अर्क गढूळ असतो, आणि त्यातली मूळची साखर व प्रथिनेही प्रकाश फिरवतात. यावर १९०८ मध्ये एवर्स यांनी जी रीत सुचवली, तीच पुढे सुधारून प्रमाण ठरली. अडीच ग्रॅम पीठ १.१२८ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात घालून उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवायचे, थंड झाल्यावर प्रथिने साक्यासारखी खाली बसवायची, गाळायचे आणि २०० मिलिमीटरच्या नळीत कोन वाचायचा. मग त्याच पिठाचा ४० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळणारा भाग काढून त्याचा कोन पहिल्यातून वजा करायचा. पिष्ट अल्कोहोलमध्ये उतरत नाही, साखर उतरते. सगळी युक्ती एवढ्यात आहे.

उरलेल्या कोनाचे टक्के करताना धान्यागणिक गुणांक बदलतो: तांदळाला १८५.९, मक्याला १८४.६, गव्हाला १८२.७, जवाला १८१.५. समजा कोन साडेपाच अंश आला. जवाच्या गुणांकाने पिष्ट ६०.६ टक्के होते, तांदळाच्या गुणांकाने ५९.२. कोणी म्हणेल, मग हे मोजमाप कसले, हा तर ठरवून घेतलेला आकडा. आक्षेपात तथ्य आहे. विकरांनी पिष्टाचे ग्लुकोज करून ते मोजणारी पद्धत पिष्टाला अधिक थेट भिडते, हेही खरे. पण विकणारा आणि घेणारा दोन वेगळ्या गावांत तपासणी करतात, तेव्हा दोघांचे आकडे जुळणे हीच पहिली गरज असते. आम्लाची तीव्रता आणि मिनिटे दोघांनी सारखी पाळली तर ती भागते. दाणे न दळताही क्षणात आकडा देणाऱ्या अवरक्त यंत्रांनी आता हे सारे जुने केले, हा दुसरा आक्षेप मला तितका पटत नाही. त्या यंत्राला पिष्ट ओळखायला शिकवावे लागते, आणि शिकवण्यासाठी लागणारे नमुने आधी अशाच एखाद्या प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजलेले असतात.

युरोपीय समुदायाने १९७२ मध्ये पशुखाद्यासाठी ही रीत कायद्यात घेतली, तेव्हा ती कुठे चालणार नाही हेही त्याच मजकुरात लिहिले: बीटचा चोथा, बटाट्याचा लगदा, सुकवलेले यीस्ट, इन्युलिनयुक्त कंद. इन्युलिन प्रकाशाला डावीकडे वळवते.