बाबांचा एपीएच आणि आमचं छतावरचं चाक

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रात्रीचे आठ वाजले होते, बाहेर उणे २४ अंश, आणि मी एका तीन मजली ऑफिसच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या यंत्रखोलीत हातात थर्मामीटर घेऊन उभा. तिकडे नागपूरला सकाळचे साडेसात. बाबांचा चहा झालेला असणार, म्हणून व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा नव्या यंत्राच्या उघड्या दारासमोर धरला. आत माणसाच्या उंचीचं अॅल्युमिनियमचं चाक फिरत होतं.

बाबांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "अरे, हा तं आपला एपीएच!"

मी गेली चोवीस वर्षं कॅनडातल्या रिजायना या गावात इमारतींच्या हवेचंच काम करतो. आणि तरीही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हटलं, यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

एपीएच म्हणजे एअर प्रीहीटर. बाबांची नोकरी विद्युत मंडळात, कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात. १९७४ साली तिथला पहिला संच सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी बाबा लागले. लहानपणी आम्हाला एकदा आत नेलं होतं. बॉयलरमधून बाहेर पडणारा धूर साडेतीनशे अंशांच्या आसपास गरम असतो. तो तसाच धुराड्यातून सोडला तर तेवढी ऊब आकाशात गेली. म्हणून वाटेत एक अवाढव्य चाक ठेवतात. चाकात पातळ पत्र्यांच्या जुड्या भरलेल्या. अर्ध्या चाकातून गरम धूर जातो, पत्रे तापतात. चाक सावकाश फिरतं, मिनिटाला एक ते तीन फेऱ्या, आणि तेच तापलेले पत्रे दुसऱ्या बाजूला बॉयलरकडे निघालेल्या ताज्या हवेसमोर येतात. धुराची ऊब हवेला मिळते. फ्रेडरिक युंगस्ट्रोम नावाच्या स्वीडिश अभियंत्याने १९२० साली हे काढलं, आणि आजही जगभरातल्या वीज केंद्रांत त्याचंच नाव चालतं.

आमचं यंत्र म्हणजे त्याचंच नातवंड. बाबांच्या चाकात धूर, आमच्या चाकात माणसांनी श्वास घेऊन सोडलेली हवा. इतकाच फरक.

आता ऑफिसला याची गरज काय, हा प्रश्न साहजिक आहे. हिशेब करून बघा. शंभर माणसं बसतात. दर माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा धरली तर सेकंदाला एक घनमीटर झाली. बाहेर उणे ३० आणि आत २१ असेल, तर नुसती ती हवा तापवायला सुमारे ६१ किलोवॅट लागतात. म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे तीस गिझर, एकाच वेळी, दिवसभर चालू! आणि तितकीच ऊब घेऊन शिळी हवा दुसऱ्या बाजूने बाहेर जाते. चाकाने त्यातली ७० टक्के परत दिली, तर तीस गिझरचे नऊच उरतात.

हे इतकं सरळ आहे, तर आधीच का नाही केलं? इथे थोडा इतिहास सांगावा लागतो. कंटाळू नका, कारण या इतिहासात मीही आहे, आणि फारसा चांगल्या भूमिकेत नाही.

माणसाला किती हवा लागते, हा वाद जुना आहे. म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्ये सांगितलं की खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजा. तो विषारी म्हणून नव्हे, तर किती श्वास कोंडले आहेत याची खूण म्हणून. दहा लाख भागांत एक हजार भाग, ही त्यांची मर्यादा आजही आमच्या धंद्यात तोंडपाठ असते. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संघटनेने दर माणशी मिनिटाला ३० घनफूट हवा हा आकडा धरला. १९३०च्या दशकात हार्वर्डच्या याग्लू यांनी लोकांना खोलीत बसवून, बाहेरून येणाऱ्याला वास येतो का, यावर प्रयोग केले आणि मग आकडा १०च्या आसपास आला.

आणि मग आलं १९७३. ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेलं. थंड देशांत इमारती तापवायचा खर्च एकदम डोळ्यांवर आला. ऊब सगळ्यात जास्त कुठून जाते? खिडक्यांतून, फटींतून, आणि ताज्या हवेतून. मग खिडक्या उघडता येणार नाहीत अशा केल्या, फटी बुजवल्या, आणि १९८१ च्या अमेरिकन मानकात, जिथे कोणी सिगारेट ओढत नाही अशा ऑफिसात, दर माणशी ५ घनफूट पुरे असं ठरलं. कॅनडातही इमारती साधारण त्याच वळणाने बांधल्या गेल्या.

पुढे काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना आठवतं. डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, घसा कोरडा पडणं, आणि संध्याकाळी घरी गेलं की सगळं बरं. याला 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' असं नाव पडलं. माणूस नव्हे, इमारतच आजारी! १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका समितीने म्हटलं की नव्या आणि नूतनीकरण केलेल्या इमारतींपैकी ३० टक्क्यांपर्यंत इमारतींत अशा तक्रारी असू शकतील. शेवटी १९८९ मध्ये मानक बदललं आणि ऑफिससाठी आकडा ५ वरून २० घनफुटांवर नेला.

कागदावर आकडा बदलला. इमारती मात्र त्याच राहिल्या. त्यांचे बॉयलर कमी हवेच्या हिशेबाने घेतलेले. आणि गॅसचं बिल दर महिन्याला येतच होतं.

आता माझी गोष्ट. मी इथे नवा होतो, पहिलीच नोकरी, पहिलाच हिवाळा. एका ऑफिसच्या इमारतीची देखभाल आमच्याकडे होती. जानेवारीत बिल आलं आणि साहेब म्हणाले, बाहेरच्या हवेचा डँपर बंद कर. डँपर म्हणजे हवेच्या वाटेतलं झडपेचं दार. मी विचारलं, किती? म्हणाले, पूर्ण. मी यंत्रखोलीत गेलो, दांडा फिरवला, पाच मिनिटांचं काम. पुढच्या महिन्यात बिल कमी आलं आणि माझी पाठ थोपटली गेली.

फेब्रुवारीत तळमजल्यावर स्वागतकक्षात बसणाऱ्या बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, दुपारी दोननंतर रोज डोकं दुखतं, डॉक्टर म्हणतात काही नाही. इथे काही गडबड आहे का? मी म्हटलं, बघतो. मीटर लावलं. १९०० आलं. मी ते कुणालाही दाखवलं नाही. कार्पेट धुवून घेतलं, सुगंधी फवाऱ्याची डबी भिंतीवर बसवली, आणि त्या बाई मला भेटल्या की 'थँक यू' म्हणायच्या. मार्चअखेर थंडी ओसरली तेव्हा मी गुपचूप दांडा परत फिरवला. त्यांना खरं कधीच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली, पण तो 'थँक यू' अजून सुटलेला नाही.

गंमत अशी, की ऊब की हवा, या भांडणाचा निकाल आमच्याच गावात केव्हाच लागला होता. सस्कॅचेवान प्रांताच्या सरकारला सूर्याच्या उष्णतेवर चालणारं घर हवं होतं. हॅरोल्ड ऑर, रॉबर्ट बेसंट वगैरे अभियंत्यांनी हिशेब केला आणि लक्षात आलं की इथल्या हिवाळ्यात दिवस इतका लहान असतो, की आधी ऊब निसटू न देणं महत्त्वाचं. १९७७ मध्ये रिजायनात ते घर उभं राहिलं. जाडजूड भिंती, फटी जवळपास नाहीत, आणि नेहमीची भट्टीही नाही. मग आतल्या माणसांनी श्वास कसा घ्यायचा? त्यासाठी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांची चळत लावली, एका फटीतून जाणारी शिळी हवा, शेजारच्या फटीतून येणारी ताजी. दोघी एकमेकींना भेटत नाहीत, पण ऊब इकडची तिकडे जाते. पुढे जर्मनीत १९९१ मध्ये डार्मस्टाटला जे पहिलं 'पॅसिव्ह हाऊस' झालं, त्याच्या पूर्वजांत या घराचं नाव घेतलं जातं.

जपानमध्ये तर त्याआधीच, १९७० साली, मित्सुबिशी इलेक्ट्रिकने खास कागदाची अशीच चळत बाजारात आणली होती. कागदातून उबेबरोबर ओलावाही पलीकडे जातो. त्याचं नाव ठेवलं लॉसनाय. जपानीत 'नाय' म्हणजे नाही. लॉस नाय! आपल्या मुंबईच्या माणसाला भाषांतर करून सांगायची गरजच नाही :)

तर आमची इमारत. १९७०च्या दशकाच्या शेवटी बांधलेली, खिडक्या न उघडणाऱ्या. कोविडनंतर मालकांना भाडेकरू विचारू लागले, हवा किती येते? जुना बॉयलर जास्तीची हवा तापवू शकत नव्हता, म्हणून चाक. ऐकायला सोपं. पण शिळी हवा बाहेर जाते ती इमारतीच्या एका टोकाला आणि ताजी आत येते ती दुसऱ्या. चाकाला दोन्ही एकाच जागी हव्यात. नवे डक्ट टाकायला सहा आठवडे गेले. आत हवा घ्यायचं तोंड मालट्रक थांबतात तिथून दूर न्यावं लागलं. शौचालयांची हवा चाकात घेतली नाही, ती वेगळीच बाहेर सोडली, कारण फिरताना चाकाबरोबर थोडी शिळी हवा ताज्या बाजूला येतेच. आणि कडाक्याच्या थंडीत हवेतला ओलावा चाकातच गोठून हिम धरतो, म्हणून उणे २८च्या खाली गेलं की येणाऱ्या हवेला आधी थोडी ऊब देणारा हीटर बसवला. सगळ्यात शेवटी प्रत्येक खोलीत हवा मोजून झडपा जुळवल्या. हे काम कोणाला दिसत नाही, आणि हेच चुकलं तर बाकीचं सगळं फुकट.

त्या रात्री हीटर लागलेला नव्हता. चाकाच्या अलीकडे उणे २४, पलीकडे अधिक ७.

बाबांनी आकडे ऐकले. मग विचारलं, "मिनिटाला किती फेऱ्या?"

"पंधरा-वीस."

"लई जोरात फिरते. अन् सील कशा आहेत?"

कोराडीत त्यांनी आयुष्य त्या सीलांमागे घालवलं. चाक आणि चौकट यांच्यातली फट वाढली की हवा धुरात निसटते. मी सांगितलं, सील ब्रशच्या आहेत, नव्या आहेत. म्हणाले, "नव्या सगळ्याच चांगल्या राहतात. दोन वर्षांनी पाय."

मग का कोण जाणे, मी त्यांना त्या डँपरची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, नेट गेलं.

"आमच्याकडेही नवीन पोरं करत," ते म्हणाले. "हवा कमी केली की वाटते कोळसा वाचला. वाचत नाही बाबू. अर्धवट जळते. अन् ते लगेच दिसत नाही."

मग आई आली आणि विषय पोह्यांवर गेला.

त्या बाईंचं आडनाव मला आठवतं, पत्ता माहीत नाही. असो. नव्या इमारतीत मी एक गोष्ट मालकांकडून हट्टाने करून घेतली. प्रत्येक मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, कार्बन डायऑक्साइडचा आकडा दाखवणारं मीटर लावलंय. कुणीही यावं, वाचावं. काल तिसऱ्या मजल्यावर ७४० होता. ज्याच्या हातात डँपरचा दांडा आहे, त्याच्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नये, हे मी स्वतःवरूनच शिकलोय.

आणि नागपूरच्या मंडळींनो, उन्हाळा येतोय. कूलर लावाल तेव्हा समोरची खिडकी उघडी ठेवा. आजी सांगायची ना, हवा आली तर तिला जायलाही वाट पाहिजे. माझं सगळं शिक्षण तेवढंच आहे.